शकुबाईच्या कमरेजोगी गाडी

लांब पोळी उलट्या माठावर होते. तिची कणीक इतकी सैल भिजवावी लागते की पोळपाट-लाटण्याचं तिथं काम नाही. गोळा हातावर घ्यायचा, एका हातावरून दुसऱ्या हातावर झेलत झेलत पार कोपरापर्यंत लांबवायचा आणि खाली जाळ लावलेल्या माठाच्या पाठीवर अलगद सोडायचा. आंजीच्या शकुबाई उरकुडे हे काम करू लागल्या की जेवायला बसलेली माणसं पानावरून उठून बघायला येत. त्यांची पोळी रुमालासारखी घडी होऊन ताटात पडायची, आणि आमरसात बुडवली की जिभेवर कधी विरली ते कळायचं नाही.

आंब्याच्या दिवसांत शकुबाईंना गावोगावची बोलावणी असत. सेलू, सिंदी, पार जामपर्यंत. त्यांचे यजमान अण्णाजी मोटारसायकल काढायचे, मागे शकुबाई एका अंगाला बसायच्या, मांडीवर आपली परात. पोळ्यांपेक्षाही त्यांना हौस होती ती जाण्याची. कोणाच्या घरी सून कशी आली, कोणाच्या विहिरीचं पाणी गोड, कोणाची म्हैस अडली आणि कशी सुटली, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं, कारण त्या तिथं जाऊन आलेल्या असायच्या.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नघरी ओल्या फरशीवर त्यांचा पाय सरकला. दोन्ही हातांत भरली परात होती. ती त्यांनी सोडली नाही. "परात वाचली, कंबर गेली," असं त्या स्वतःच सांगत. पुढे महिनोन् महिने झोपून राहणं, कमरेचा पट्टा, वर्ध्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी दिपाली नावाची मुलगी, असं करत करत त्या चालू-फिरू लागल्या. वाकायला मनाई होती, म्हणून अण्णाजींनी अंगणात कमरेइतक्या उंचीचा ओटा बांधून त्यावर चूल मांडली. उभ्याने पोळ्या होऊ लागल्या. हात पूर्वीसारखाच होता. फक्त गाडीवर बसवत नव्हतं. एकदा बसून पाहिलं, तर गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत जाईतो डोळ्यांत पाणी आलं आणि परत यावं लागलं. बोलावणी दोनदा-तीनदा नाकारली गेली, मग लोकांनी बोलावणं सोडलं.

या उन्हाळ्यात सिंदीहून लेकीचा, मोहिनीचा फोन आला. तिच्या शेतातल्या घरी दरवर्षी अख्ख्या आळीचं रस-पोळीचं जेवण व्हायचं. दोन वर्षं ते झालं नव्हतं.

"आई, यंदा आंबा लय लागला," मोहिनी म्हणाली. "पण तू नाई आली तं मी माठ मांडत नाई. सांगून ठेवते."

"भाड्याची कार करून दे ना बाबा आईला," मुलगा सचिन म्हणाला. तो वर्ध्याला नोकरीला होता आणि रविवारी घरी यायचा.

"एका दिवसाची कार करशीन," शकुबाई म्हणाल्या. "मंग दुसऱ्या दिवशी? मले मंत्रिणीवानी एकदा जाऊन याचं नाई. मले जाता आलं पाह्यजे."

अण्णाजींनी हे ऐकलं आणि ठरवलं, गाडी बदलायची. त्यांची गाडी जुनी होती आणि तिची सीट देवळाच्या पायरीसारखी झिजलेली होती. बापलेक कामाला लागले. सचिनने मोबाईलवर ढीगभर व्हिडिओ पाहिले. पाठदुखीवाल्याने हँडल उंच असलेली गाडी घ्यावी, पुढे झुकावं लागू नये, पाय फार मागे दुमडू नयेत, असं बरंच काही त्याला पाठ झालं. वर्ध्यातली सगळी दुकानं त्यांनी पालथी घातली. शेवटी अण्णाजी एका जड, रुबाबदार गाडीवर बसले आणि त्यांना उतरावंसंच वाटेना. संध्याकाळी घरी आले ते उड्या मारतच.

"भेटली बाप्पा गाडी! अशी की कंबरेले मालूमच पडत नाई. उद्या बयाणा देऊन येतो."

शकुबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कंबर कोणाची दुखते?"

"तुही."

"मंग गाडीवर बसून कोणं पाह्यलं?"

"म्या. आन् सचिननं."

"मागं कोण बसलं होतं?"

"मागं... मागं सचिनची ब्याग होती."

"मंग ब्यागेले इचारा, तिची कंबर दुखली का."

सचिन हसत हसत घरात पळाला. अण्णाजी डोक्यावरची टोपी काढून तिच्याकडेच पाहत राहिले, जणू चूक टोपीची होती. इतकी दुकानं फिरले, इतक्या गाड्यांवर बसले, पण बसायचं कोणाला हेच दोघे विसरले होते. गाडी घ्यायची म्हणजे चालवणाऱ्याने पाहायची; मागे बाई बसते ती बसते. असं का, हा प्रश्न त्यांना त्या दिवसापर्यंत पडला नव्हता.

"पण तुले शोरूममंदी नेऊ कसं?" ते म्हणाले. "तिथं जायाचंच तं वांदं हाये."

"मी काऊन जाऊ? पोरगी पाहाले पाव्हणे दारात येतेत ना? तशा गाड्या येऊ द्या."

रविवारी गावातल्याच तीन गाड्या यायच्या होत्या. पण अण्णाजींनी ही गोष्ट पानठेल्यावर सांगितली होती, त्यामुळे अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. शकुबाईंनी पोहे केले, चहा ठेवला, कमरेला पट्टा बांधला आणि एक स्टूल घेऊन बाहेर आल्या. गाडी उभ्या स्टँडवर लावायची, एकाने हँडल धरायचं आणि शकुबाईंनी स्टुलावरून चढून मागे बसायचं, असा बेत होता.

पहिला मान मधुकररावांचा. त्यांची गाडी भारी, जड आणि गावभर ऐकू येणारी. सीट खरंच चांगली होती. शकुबाईंचा चेहरा खुलला, तेवढ्यात मधुकररावांनी हौसेने गाडी सुरू केली.

"बंद करा जी, बंद करा!" शकुबाई ओरडल्या. "दात वाजून राह्यले माहे. हे गाडी होय का दळणाची चक्की?"

दुसरी गाडी एका नव्या नवरदेवाची, शर्यतीच्या वळणाची. तिची मागची सीट पुढच्यापेक्षा वीतभर उंच आणि तळहाताएवढी. शकुबाईंनी तिला चारही बाजूंनी न्याहाळलं.

"हे तं शिंकाळं हाये रे. इथं बायकोले ठेवतं का दह्याले?"

त्याची नवी नवरी दाराआड उभी होती. ती सगळ्यांत आधी हसली.

तिसरी अंगणवाडीच्या बाईंची स्कूटर. शकुबाई तिच्यावर बराच वेळ बसल्या. बाई आशेने पाहत होत्या.

"गादी चांगली हाये वं," शकुबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पण चाकं पोळपाटाएवढी. आन् आपल्या पांदणीतला एकेक खड्डा परातीएवढा. चाक त्यात जेवाले बसंन, मंग ते कायचं उठते?"

अशा किती गाड्या झाल्या. पोहे संपले. लोकांची करमणूक झाली, पण शकुबाई दमत चालल्या होत्या. प्रत्येक गाडीवर बसल्यावर थोड्याच वेळात डाव्या बाजूची तीच जुनी कळ निघायची. ती लपवण्यासाठी त्या जास्त जास्त विनोद करत होत्या, आणि हे फक्त अण्णाजींना कळत होतं.

तेवढ्यात तानबा दूधवाला कॅन रिकाम्या करून चहाच्या वासाने आत आला. त्याची गाडी साधी, बुटकी, वर्षानुवर्षांची. सीट एका पातळीत लांब, फळीसारखी सरळ. कोणी तिला गाड्यांत धरलंच नव्हतं.

"हिच्यावर बी बसून पाहाव," तानबा म्हणाला. "दुधाची आजवर तक्रार नाई."

शकुबाई बसल्या. सीट रुंद होती, पण कळ निघालीच. दिपालीचं एक वाक्य त्यांच्या मनात घोळत होतं. ती म्हणायची, 'काकू, बसताना दोन्ही अंग सारखे टेकले पाहिजेत. पाय दोन्ही टेकलेले.' इथे तर एक अंग सीटवर, दुसरं अर्धं हवेत. एक पाय टेकलेला, दुसरा लोंबत. कंबर पिळलेल्या धुण्यासारखी. आपण गाड्यांना नावं ठेवतो आहोत, पण बसतो कसे?

त्यांनी हात मागे नेऊन लुगड्याचा काष्टा चाचपला. आयुष्यभर नऊवारी नेसलेली बाई. तिला एका अंगाला बसायची गरज काय होती? लेकी-सुना सहावारीत तशा बसत, म्हणून त्याही तशाच बसत आल्या होत्या.

त्या उतरल्या, पुन्हा स्टुलावर चढल्या, अण्णाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश पाय पलीकडे टाकून गड्यासारख्या बसल्या.

कोणीतरी बाई "अगं बाई" म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. मग मधुकररावांना राहवलं नाही.

"शकुबाई, आता लगामबी धराव!"

"लगाम कायले?" शकुबाई पुढे हँडल धरून उभ्या असलेल्या अण्णाजींकडे बोट दाखवून म्हणाल्या. "बैल शिकेल हाये."

त्या हसण्याने झाडावरचे कावळे उडाले. सगळ्यांत मोठ्याने अण्णाजी हसले. शकुबाई मात्र हसत नव्हत्या. त्या कान देऊन बसल्या होत्या, आपल्याच कमरेकडे. तानबाचा चहा पिऊन झाला, बशी खाली ठेवली गेली, तरी त्या तशाच.

"दुखत नाई," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दुखत नाई म्हटलं!"

लोक पांगल्यावर मात्र अण्णाजींचं तोंड उतरलं. मनात ती रुबाबदार गाडी अजून उभी होती.

"तानबासारखी गाडी घेऊ? लोकं मले दूध मागतीन."

"मागू द्या. सांगा, म्हैस मागं बसली हाये."

यावर रुसून राहणं अण्णाजींना जमण्यासारखं नव्हतं. साधी, बुटकी गाडी घ्यायचं ठरलं. पायदाणं खाली, मागे दोन चांगले शॉकअप, धरायला भक्कम कॅरिअर. पण नव्या गाड्यांना ती सरळ लांब सीट येत नाही. मग सचिनने वर्ध्याचा ताराचंद सीटवाला शोधला. जुन्या बाजारात त्याचं छोटं दुकान, हवी तशी सीट बनवून देणारा. ताराचंदने फोनवर शकुबाईंनाच विचारलं.

"काकू, फोम कडक टाकू का नरम?"

"कडक नको. नरमबी नको."

"म्हंजे कसा?"

शकुबाईंना सांगता येईना. हाताला कळत होतं, तोंडाला येत नव्हतं. "थांब," त्या म्हणाल्या. "पाठवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कणीक भिजवली. अंगठा दाबला, थोडं पीठ लावलं, पुन्हा दाबला. मनासारखी झाल्यावर स्टीलच्या डब्यात भरून अण्णाजींच्या हाती दिली. "त्याले म्हणाव, अंगठा दाबून पाह्यजो. अस्सी पाह्यजे सीट."

चार दिवसांनी सीट बसवून नवी गाडी दारात आली. शकुबाईंनी तिला हळदीकुंकू लावलं, स्टुलावरून चढल्या आणि खाली, आणखी खाली गेल्या. सीट पाळण्यासारखी होती. अण्णाजी खूश झाले. "पाहाय कशी नरम!" पण शाळेसमोरचा गतिरोधक आला आणि नरम फोम दबून शकुबाईंचं बूड थेट पत्र्याला टेकलं. त्यांनी अण्णाजींच्या पाठीवर थाप मारली. तिथून घरापर्यंत त्या चालत आल्या, भिंतीला हात लावत.

तो दिवस त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. मोहिनीचा फोन आला. आंबे पाडाला आले होते. "माह्या नशिबात गाडी नाई वं," शकुबाई तिला म्हणाल्या. "तू तुह्या सासूले पोळ्या कराले सांग." मोहिनीने फोन ठेवला. अण्णाजी बाहेर गाडीजवळ उगाच फडकं फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुबाई उठल्या तेव्हा मनात एकच गोष्ट अडकली होती. आपला अंगठा कधी चुकत नाही. मग सीट कशी चुकली? त्यांनी ताराचंदला फोन लावायला लावला.

"काय रे बापू, कणकीत अंगठा कितीक गेलता?"

"काकू, खोटं नाई सांगत," ताराचंद म्हणाला. "अंगठा सीधा डब्याच्या बुडाले लागला. मी म्हटलं, इतकी नरम सीट आजवर कोणी मांगली नाई. पन काकूचा हुकूम."

शकुबाईंनी फोन अण्णाजींकडे दिला आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"घरून निघाले तुमी सातले. ताराचंदाकडे पोचले कवा?"

"पोचलो असंन... बाराच्या सुमाराले."

"आंजीहून वर्ध्याले पाच घंटे?"

"रस्त्यात मधुकरराव भेटले. मंग सोसायटीत गेलतो. मंग तिथं लोकं डब्यात काय हाये म्हणाले, तं त्याईले सगळं सांगा लागलं. जो तो म्हणे, दाखवा."

"डबा कुठं होता?"

"गाडीले. उन्हात."

शकुबाईंना आधी हसूच आलं. मग ते आवरेना. पट्ट्यावर हात दाबून त्या हसत राहिल्या, हसताना कंबर दुखत होती तरी थांबेनात. "अवो, म्या पोळीची कणीक देली तुमाले! हाताले सवय तेच भिजवलं. ते तं सैल होयासाठीच असते. म्या सीट पाठवली होती, तुमी आमरस पोचवला!"

"मंग आता पुरीची कणीक दे. घट्ट असते," अण्णाजी तत्परतेने म्हणाले.

"आता कणीक जात नाई कुठं. मीच येते."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. दोन वर्षांत त्या गावाची शीव ओलांडून फक्त दवाखान्यात गेल्या होत्या, तेही कारच्या मागच्या सीटवर आडव्या होऊन. पण शब्द निघून गेला होता. सीटवर गोधडीची घट्ट घडी बांधली. सकाळच्या थंड वेळी अण्णाजींनी गाडी अशी चालवली की सायकलवाले पुढे जात होते. प्रत्येक खड्ड्याआधी ते "आला" म्हणायचे आणि शकुबाई पायदाणावर भार देऊन अंग किंचित उचलायच्या. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. अर्ध्या वाटेवर त्यांनी उतरून चार पावलं चालून घेतलं आणि पुन्हा बसल्या. वाटेत बायका वळून पाहत होत्या. शकुबाई त्यांना हात करत होत्या.

ताराचंदच्या दुकानात त्यांनी फोमचे सगळे तुकडे फळीवर मांडायला लावले. एकेकावर अंगठा दाबत गेल्या. हा नाही, हा नाही, हा थोडा. शेवटी दोन तुकडे एकावर एक ठेवले, खाली घट्ट, वर मऊ, आणि पुन्हा दाबलं.

"असं," त्या म्हणाल्या. "खाली भाकर, वर पोळी."

ताराचंदने मान डोलावली. सीट त्यांच्यासमोरच तयार झाली. भर बाजारात त्या गाडीवर बसल्या, उतरल्या, मागून थोडं कापून घेतलं, पुन्हा बसल्या. चहा आला तोही त्यांनी सीटवर बसूनच घेतला. परतीच्या वाटेवर अण्णाजी "आला" म्हणत राहिले, पण निम्म्या वेळा मागून "आला तं येऊ द्या" असंच ऐकू येत होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात दोघं सिंदीला निघाले. परात कॅरिअरला बांधली होती. पवनारला थांबले, नदीच्या पुलाजवळ शकुबाई जरा चालल्या. सेलूला थांबले, उसाचा रस घेतला. शेताच्या पांदणीत गाडी वळली तेव्हा मोहिनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन उभी होती. आईला तशी बसलेली पाहून ती आधी बघतच राहिली.

"आई! अशी बसून आली तू?"

"मंग काय बोचक्यात बांधून येऊ? माठ कुठं हाये?"

मोहिनीने आईच्या कमरेला मिठी मारली, मग घाबरून सोडली, मग पुन्हा हलकेच धरली. माठ मांडलेला होता. उंच ओट्यावर, शकुबाईंच्या कमरेइतक्या. फोनवरचं त्या दिवशीचं बोलणं तिने मुळी ऐकलंच नव्हतं असं दिसत होतं. आळीतल्या बायका जमल्या, रसाची पातेली भरली, आणि पोळ्या हातावरून हातावर झेलत माठावर पडू लागल्या. दोन वर्षांत कोणाला मूल झालं, कोणी जावेशी अबोला धरला, कोणाच्या बोअरला पाणी लागलं, हे सगळं शकुबाईंना पोळ्या संपेपर्यंत कळून गेलं होतं. अधूनमधून त्या बाजेवर पाठ टेकायच्या आणि तिथूनच हुकूम सोडायच्या.

दुपार कलल्यावर दोघं निघाले.

"कंबर कशी हाये?" अण्णाजींनी विचारलं.

"जागेवर हाये. बोलून राह्यली थोडी, पण शिव्या नाई देत." थोड्या वेळाने मागून पुन्हा आवाज आला. "केळझरवरून घ्या."

"कायले? लांब पडते."

"पडू द्या."

केळझरच्या टपरीवर चहा घेताना एक ओळखीची बाई लगबगीने आली. "शकुबाईच ना? लय दिवस दिसल्या नाई! आमच्याकडं येत्या शनिवारी जेवण हाये, पोराचं. आजकाल जाता का कुठं पोळ्या कराले?"

"येतो आमी," शकुबाई म्हणाल्या. "चूल तेवढी उंच मांडजो."

अण्णाजींनी चहाचा कप ओठाशी धरून त्यांच्याकडे पाहिलं. शनिवारी आपल्याला जमतं का, हे कोणी विचारलंच नव्हतं.